शुक्रवारचा ताप

"वैक्सीन बंद करवाइए और उस सिस्टर को हटवाइए," भटनागर सर म्हणाले. "मंगलवार को कमिटी बैठेगी. उससे पहले मुझे ऐक्शन चाहिए."

मी नुकताच चहाचा पहिला घोट घेतला होता. तो गिळावा की थुंकावा, हे ठरेना. भटनागर सर आमच्या प्रोजेक्टचे डायरेक्टर. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन इथे आले होते, पण नोकरी त्यांच्यातून रिटायर झालेली नव्हती. काही बिघडलं की आधी कोणाला तरी हटवायचं आणि मग काय बिघडलंय ते बघायचं, अशी त्यांची पद्धत होती.

बिघडलं होतं ते असं. गुडगावातल्या एका नर्सिंग होममध्ये लस टोचलेल्या मुलांना भराभर ताप येत होता. लसीनंतर थोडा ताप येतोच, त्यात नवल नाही. पण बाकीच्या केंद्रांच्या मानानं इथला आकडा फारच वर गेला होता. आमच्या भाषेत याला 'सिग्नल' म्हणतात. म्हणजे शंका घ्यायला जागा झाली, चौकशी करा. सिग्नल म्हणजे निकाल नव्हे. पण हा फरक भटनागर सरांना समजावून सांगायचा तर माझी उरलेली नोकरी त्यातच गेली असती.

मी डॉक्टर आहे, पण माझ्यासमोर कधी कोणी नाडी दाखवायला बसलं नाही. माझं काम औषधांवर आणि लसींवर पाळत ठेवायचं. एखादं औषध बाजारात आलं की ते लोकांना काय काय त्रास देतंय, ते गोळा करायचं. या विद्येला फार्माकोव्हिजिलन्स असं भारदस्त नाव आहे. दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या हळदीकुंकवात बायका विचारायच्या, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" मी सांगायची, औषधांच्या चहाड्या ऐकते.

पूर्वी या चहाड्या टपालानं यायच्या, म्हणजे बहुधा यायच्याच नाहीत. मग मोबाईल आले. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यांच्या सावलीत म्हशी बसायच्या, आणि प्रत्येक तरुण बापाच्या कमरेला पट्ट्यात अडकवलेला फोन असायचा. आम्ही ठरवलं, एसएमएस करून विचारू. बुधवारी मुलाला लस टोचली की दुसऱ्या दिवशी बापाच्या फोनवर मेसेज जायचा: बुखार हो तो 1, सूजन हो तो 2, सब ठीक हो तो 3. पुढे महिनाभर कधीही त्रास झाला, तर आपणहून नंबर दाबायचा. कॉम्प्युटर ते टिपून घ्यायचा आणि पोच पाठवायचा.

ही पोच भटनागर सरांनी स्वतः लिहिली होती. मी सुचवलं होतं, 'धन्यवाद, हम फ़ोन करेंगे.' त्यांना ते पोरकट वाटलं. त्यांनी केलं: 'आपके शिशु का ज्वर पंजीकृत कर लिया गया है. संदर्भ संख्या अमुक-अमुक.' मी म्हटलं, सर, तापाला संदर्भ संख्या कशाला? तर म्हणाले, "डॉक्टर साहब, इस देश में जिस चीज़ का नंबर नहीं, वो चीज़ हुई ही नहीं."

तर, असे पंजीकृत, म्हणजे नोंद झालेले, ज्वर गुडगावच्या त्या एका नर्सिंग होममधून धो धो येत होते. प्रोजेक्टमधल्या मुली नियमाप्रमाणे प्रत्येक बापाला फोन करत होत्या. बाप म्हणत होते, हां जी, बुखार है. लस नासली असावी, म्हणजेच ती थंड ठेवण्यात हयगय झाली असावी, असा भटनागर सरांचा निष्कर्ष होता. लस कारखान्यातून मुलाच्या मांडीपर्यंत सतत थंड राहावी लागते. या साखळीला कोल्ड चेन म्हणतात. तिची शेवटची कडी म्हणजे त्या नर्सिंग होमचा फ्रिज, आणि फ्रिजची किल्ली सिस्टर एल्सीकडे.

मी गाडी काढून गुडगावला गेले. नर्सिंग होमचे मालक डॉ. सबरवाल दारातच भेटले. त्यांनी मला काही विचारू दिलं नाही. सिस्टरचीच चूक आहे, मी किल्ली परत मागितली आहे, सोमवारपासून दुसरी मुलगी ठेवतोय, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. फ्रिज बघितलात का, असं मी विचारलं. "उसमें क्या देखना है," ते म्हणाले. खापर फोडायला डोकं मिळालं होतं, आता मडकं कशाला तपासायचं?

सिस्टर एल्सी कोट्टायमची. बाई बुटकी, ठणठणीत, आणि रागानं लाल झालेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगच्याच पहिल्या वर्षाला. 'लस नासवली' असा शिक्का घेऊन बाहेर पडली असती, तर दिल्लीत तिला कोणी दारात उभं केलं नसतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"मॅडम, आप देखो. सब देखो. फिर बोलो," एवढंच ती म्हणाली.

मी सगळं बघितलं. थर्मामीटरचा पारा जिथे हवा तिथेच होता. प्रत्येक बाटलीवर एक लहानसा चौकोन असतो. लसीला ऊन लागलं, उष्णता लागली की तो काळा पडत जातो. तो चौकोन पांढराशुभ्र होता. मग मला एक गोष्ट सुचली. एका बाटलीतून बऱ्याच मुलांना डोस देतात, आणि बुधवारी तिथे दोन प्रकारची मुलं यायची. एक समोरच्या टॉवर्समधली, आणि दुसरी ते टॉवर्स बांधणाऱ्या मजुरांची, मागच्या पत्र्याच्या वस्तीतली. बाटली एकच, सुई टोचणारा हात एकच. मी सिस्टरला म्हटलं, चला, वस्तीत जाऊ.

वस्तीत आम्ही बऱ्याच झोपड्यांतून हिंडलो. लस टोचली त्या रात्री अंग कोमट झालं होतं, पोर किरकिरलं होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाळूच्या ढिगावर खेळत होतं. पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच. म्हणजे ताप फक्त लिफ्ट असलेल्या इमारतींतच चढत होता. लसीला एवढी पत कळते, असं मी तरी कुठे वाचलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आमचे हे पोहे करत होते. माधव मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. हयात एस्टॅब्लिशमेंटमध्ये गेलेली, म्हणजे दुसऱ्यांच्या रजा मंजूर-नामंजूर करण्यात. मी कांदा चिरता चिरता सगळी कहाणी सांगितली. या लसीचा ताप त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी येतो. इथे तो कधी दहा दिवसांनी येतो, कधी तीन आठवड्यांनी, आणि बघावं तर शुक्रवारी नाहीतर सोमवारी. डोकं चालेना झालंय.

माधवनं झारा खाली ठेवला आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"वैजू, शुक्रवारी आणि सोमवारी येतो तो ताप नव्हे," तो म्हणाला. "ती कॅज्युअल लीव्ह."

मी म्हटलं, अरे, पण लहान मुलांना कसली आलीय लीव्ह? "मुलांना नाही. बापांना," तो म्हणाला. आणि मग त्यानं मला त्याच्या खात्यातली रोगराई सांगितली. दिवाळीच्या आधी किती जणांचे सासरे अत्यवस्थ होतात, क्रिकेटची मॅच असली की कंबरदुखीची साथ कशी पसरते, आणि एका गृहस्थांची आजी तीनदा कशी वारली. मी वीस वर्षं साइड इफेक्ट शिकले, पण हा प्रकार माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

तरी हसून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हती. नवऱ्याचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, नाहीतर आमचं शास्त्र कधीच बुडालं असतं. आणि शंभरात एखादा ताप खरा असला, तर? दुसऱ्या दिवशी शुक्रवारच होता. मी ऑफिसात जाऊन बसले आणि ठरवलं की मोबाईलवर फोन करायचाच नाही. बापांच्या घरी लँडलाइन होत्या, आणि त्यांचे नंबर आमच्याकडे होते. ऑफिसच्या वेळात लँडलाइन कोण उचलतं? आया आणि आज्या.

पहिला फोन एका आजीनं उचलला. मी विचारलं, बच्चे का बुखार कैसा है? "किसका बुखार? वो तो सोफ़े पर कूद रहा है," आजी म्हणाली, आणि तिनं फोन सोफ्याच्या दिशेनं धरला. मला धपाधप आवाज ऐकू आले. आणि पापा? "पापा तो मसूरी गए हैं, दोस्तों के साथ." दुसऱ्या घरात मूल पार्कात होतं आणि बाप झोपला होता. तिसऱ्या घरी बापानंच फोन उचलला. मी नाव सांगताच तो जोरजोरात खोकायला लागला. मी म्हटलं, अहो, ताप मुलाला आहे ना? तो म्हणाला, "जी, मुझे भी लग गया." मी त्याला लिंबूपाणी प्यायला सांगितलं.

मी अशी एकेक घर घेत गेले. प्रोजेक्टमधल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. अर्ध्यावर आल्यावर एक जण म्हणाली, मॅडम, समजलं की आता, बाकीचे कशाला? पण मला लांडगा आला रे आला ही गोष्ट लहानपणापासून पुरी पाठ होती. त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो. मी एकही फोन सोडला नाही.

आणि यादीच्या शेवटी शेवटी एका बाईनं फोन उचलला. ती काही बोलायच्या आतच मला मागे बाळाचं रडणं ऐकू आलं. हट्टाचं रडणं वेगळं. हे एकसुरी होतं, चिरकं, थांबायचं नाव नाही.

"कल से तप रही है," ती म्हणाली. "मैं अकेली हूँ. इनको छुट्टी नहीं मिली."

बाळ तीन महिन्यांची मुलगी, परवाच्या बुधवारी लस टोचलेली. मी सिस्टर एल्सीला फोन केला आणि पत्ता सांगितला. मला दिल्लीहून पोचायला तास लागला असता, ती दोन गल्ल्या पलीकडे होती. किल्ली काढून घेतलेली, सोमवारी नोकरी जाणार, आणि तीही याच तापांमुळे. ती म्हणू शकली असती की आता मला काय त्याचं. ती म्हणाली, "आती हूँ," आणि फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा तिनं बाळाचे सगळे कपडे काढले होते आणि कोमट पाण्यानं अंग पुसत होती. तापाच्या औषधाचे थेंब पाजून झाले होते. ताप चांगलाच होता, मांडीला गाठ होती, पण मान ताठरलेली नव्हती, डोळे नीट वळत होते. आम्ही बाळाला नर्सिंग होमला नेलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, दुसरा काही आजार नाही याची खात्री केली. दुपार कलेपर्यंत ताप उतरला आणि बाळ आईच्या पदरात शिरून दूध प्यायला लागलं.

मग मी आईला विचारलं, रजा का नाही मिळाली? ती ओशाळली. म्हणाली, त्यांच्या ऑफिसात मुलाच्या आजारपणाची रजा मागितली की तुमचा मेसेज दाखवावा लागतो, तो नंबरवाला. महिन्यात दोनदाच चालतो. या महिन्याचे दोन त्यांनी मागच्या डोसाच्या नावावरच वापरून टाकले, एकदा घर शिफ्ट करायचं होतं म्हणून आणि एकदा माझ्या भावाच्या साखरपुड्याला. आता खरा ताप आला तर साहेब म्हणाले, फिर से?

मी हसणारी बाई आहे, पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. कंपनी जवळच होती, आणि आमच्या यादीतले बहुतेक बाप तिथलेच होते. मी तशीच, अंगावर बाळाच्या औषधाचे डाग घेऊन, तिथे गेले.

काचेची इमारत, आत माघाची थंडी. एचआर मॅनेजर रितिका नावाची तरतरीत मुलगी. मी कोण हे कळताच तिला आनंदच झाला. "मॅम, युअर सिस्टम इज़ सो गुड! पहले सब झूठ बोलते थे. अब हमने पॉलिसी बना दी. रेफरन्स नंबर नहीं, तो लीव्ह नहीं."

आणि ज्यांच्या मुलांना आमच्याकडे लस टोचलेली नाही, त्यांनी काय करायचं? "वो जाकर लगवा लेते हैं," ती म्हणाली. नोंदणी झाल्याशिवाय मेसेज येत नाही ना. म्हणजे त्या नर्सिंग होममध्ये अलीकडे लसीकरणाला एवढी गर्दी का होत होती, तेही मला समजलं. सरकारनं भिंती रंगवून जे जमलं नव्हतं, ते रजेच्या आशेनं जमलं होतं. हसावं की रडावं ते कळेना.

मी तिला सांगितलं की तुमच्या लोकांचे बहुतेक ताप खोटे आहेत. तिचा चेहरा बदलला. तिनं पॅड पुढे ओढलं.

"नाम दीजिए, मॅम. वी विल टर्मिनेट."

नावं देणं शक्यच नव्हतं. लोकांनी आम्हाला सांगितलेली गोष्ट आमच्यापाशीच राहते, नाहीतर उद्या कोणी काही सांगणार नाही. शिवाय त्या बापांचं मला थोडं पटतही होतं. साखरपुड्याला रजा मिळाली असती तर त्यांनी पोरीला ताप आणवला नसता. पण नियम बदलायला लावायचा तर नुसतं आर्जव करून भागणार नव्हतं. माधवबरोबर इतकी वर्षं काढल्यामुळे थोडी सरकारी भाषा मलाही येते.

"नाम तो नहीं दे सकती," मी म्हटलं. "लेकिन मंगलवार को कमिटी में बताना पड़ेगा कि हमारे सारे इलाक़े में सबसे ज़्यादा बुखार आपके स्टाफ़ के बच्चों को है. फिर कमिटी कारण ढूँढेगी. आपकी पानी की टंकी, कँटीन, एसी के डक्ट. सैंपल लेने लोग आएँगे. सफ़ेद कोट में, मेन गेट से. आपके विदेशी क्लायंट का विज़िट कब है?"

रितिकानं पेन खाली ठेवलं. मी यात एकही खोटा शब्द बोलले नव्हते. कमिटीनं खरंच तसं केलं असतं.

पुढची बोलणी फार सोपी झाली. मेसेजवर रजा बंद. त्याऐवजी लस टोचली तो दिवस आणि दुसरा दिवस बापाला भरपगारी सुट्टी, लसीच्या कार्डावरचा शिक्का दाखवून. खरा ताप येतो तो याच दोन दिवसांत. बाकी आजारपणात माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा, आणि खोटं बोलला तर तुमचं तुम्ही बघा, तापाला मध्ये आणू नका. त्या दिवशी ज्या बापाला रजा नाकारली गेली होती, त्याला तिनं माझ्यासमोर फोन करून घरी पाठवलं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

बैठकीआधी सिस्टरला काढू नका, असं मी डॉ. सबरवालांना बजावून ठेवलं होतं. मंगळवारी कमिटी बसली. लसीनंतरच्या त्रासाचं कारण लिहायला आमच्याकडे ठरलेले रकाने असतात. लसीमुळे, टोचण्यातल्या चुकीमुळे, भीतीमुळे, योगायोगानं, किंवा अज्ञात. भटनागर सर पेन उघडून बसले होते. मी त्यांना घरोघरच्या फोनांबद्दल सांगितलं, वस्तीतल्या मुलांबद्दल सांगितलं, सोफ्याचा आवाजही सांगितला. लसीचा ताप खरा एकच, आणि तोही नेहमीचा.

"तो बाक़ी का कारण क्या लिखें?" त्यांनी विचारलं.

"लाँग वीकेंड," मी म्हटलं.

तसा रकाना नव्हता. बराच खल झाला. शेवटी 'योगायोग' या रकान्यात 'सामाजिक कारणों से' असं लिहिलं गेलं. सिस्टरबद्दल मात्र सर अडून बसले. बुखार तो पंजीकृत हुआ है, म्हणाले. तेव्हा मी आमच्याच शास्त्राचा आधार घेतला. एखाद्या औषधावर संशय असला की ते बंद करून बघतात. त्रास थांबला तर गुन्हेगार तेच. याला डीचॅलेंज म्हणतात. मी म्हटलं, फ्रिज तोच ठेवा, बाटल्या त्याच ठेवा, सिस्टर तीच ठेवा. फक्त रजेचा नियम बंद झालाय, तेवढं बघा. पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, तोवर सिस्टरला हात लावायचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल, तर निदान तोपर्यंत थांबा.

पुढच्या बैठकीपर्यंत त्या नर्सिंग होमचा ताप बाकीच्यांच्या पातळीला आला. उरला तो बुधवार-गुरुवारचा, ठरल्या वेळी येणारा आणि ठरल्या वेळी जाणारा. लस टोचून घेणाऱ्यांची गर्दी मात्र वाढली, कारण आता शिक्क्याला सुट्टी होती. भटनागर सरांनी पोचेतली संदर्भ संख्या काढायला ठाम नकार दिला. 'ज्वर' काढून 'बुखार' केलं, एवढीच काय ती सुधारणा.

सिस्टरला निकाल सांगायला मी स्वतः गेले. डॉ. सबरवाल आधीच लसीकरणाच्या खोलीत येऊन थांबले होते. इतके दिवस स्वतःकडे ठेवलेली किल्ली परत देण्याचा मान त्यांना स्वतःलाच हवा होता. फ्रिजचं दार सताड उघडून, त्यावर हात टेकून ते मला सांगायला लागले, "मैं तो शुरू से कह रहा था, मॅडम. हमारी कोल्ड चेन में ग़लती हो ही नहीं सकती. देखिए, एक-एक बॉटल देखिए." आणि ते बोलतच राहिले, आमच्या सिस्टरसारखी सिस्टर सबंध गुडगावात नाही वगैरे.

सिस्टर एल्सीनं एकदा थर्मामीटरकडे बघितलं आणि एकदा त्यांच्याकडे.

"सर," ती म्हणाली, "दरवाज़ा बंद कीजिए."

त्यांनी केला. तिनं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुढे ती रिटायर होईपर्यंत किल्ली तिथेच होती.

या प्रकरणावरून मी तरुण डॉक्टरांना एकच सांगते. लोकांना प्रश्न जरूर विचारा. पण उत्तर दिल्यावर त्यांना काय मिळणार आहे, ते आधी बघून घ्या, कारण ते त्यांनी तुमच्या आधीच बघितलेलं असतं.